गिरणीच्या भिंतीला लागून एक खोली

नोकरीसाठी परक्या गावी गेलात, तर राहायची जागा तुम्ही कुणाला विचारून ठरवता?

मी सांगते. ज्याला खोली भाड्यानं द्यायची असते त्याला, आपल्याआधी तिथं नोकरीला गेलेल्यांना, आणि पत्रातून आईला. पाणी जवळ आहे का, दाराला कडी आहे का, शेजार बरा आहे का. ज्यांच्यासाठी आपल्याला त्या गावी धाडलेलं असतं, त्यांनाही हे विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही. आणि माझं डोकं तर भलत्याच मोठमोठ्या गोष्टींनी भरलेलं होतं.

माझे वडील मुंबईत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी येताना शाई फिसकटलेली, वाया गेलेली पत्रकं पिशवीतून आणायचे. मागची बाजू कोरी असे, त्यावर आम्ही गणितं सोडवायची. पण मी पुढची बाजूच वाचत बसायची. पहिलीचं पुस्तक हातात पडायच्या आधी मला ‘अन्याय’, ‘जुलूम’ आणि ‘एकजूट’ हे शब्द वाचता येत होते. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. त्यामुळे जगात दोन बाजू असतात आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे मला लहानपणीच ठाऊक झालं होतं. खोली कुठल्या बाजूला घ्यायची, हे मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नर्स-मिडवाइफचं शिक्षण पुरं करून मी बाहेर पडले आणि तलासरीच्या बाजूचं एक उपकेंद्र माझ्या वाट्याला आलं. उपकेंद्र म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे इमारत आली असेल. इमारत नव्हती. एक पत्र्याची पेटी, एक पाटी आणि मी, एवढंच उपकेंद्र होतं. पेटीत रबरी कापड, कात्री, नाळ बांधायचा दोरा, स्पिरिटचा दिवा, दोन-चार परीक्षानळ्या, बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं. नर्सनं गावात खोली बघायची, दारावर पाटी ठोकायची, की झालं उपकेंद्र सुरू. म्हणजे माझी खोली ही नुसती माझी नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांचा तोच दवाखाना होता. हे वाक्य मी आज सात वर्षांनी लिहिते आहे. त्या वेळी मला फक्त कडी दिसत होती.

माझ्याआधीची नर्स डहाणूला स्टेशनाजवळ राहायची आणि एसटीनं ये-जा करायची. मी तिला भरपूर नावं ठेवली. आमच्या हेल्थ व्हिजिटर बाई, त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणायचो, त्या मला म्हणाल्या, “तूही डहाणूलाच बघ गं. एकटी मुलगी, कशाला आत जाऊन राहतेस?”

“ज्यांच्यात काम करायचं त्यांच्यात राहायचं, ताई,” मी म्हणाले.

“हे तू कुठं वाचलंस?”

“कुठं म्हणजे? घरी.”

ताई म्हणाल्या, “मग निदान कडी बघून घे.”

आणि मी कडी बघूनच घेतली. तलासरीला उतरल्यापासून दिवसा मी तावातावानं बोलायची, पण डोक्यात सारखं तेच: दार कसलं असेल, शेजारी कोण असेल, हाक मारली तर कुणी येईल का. आईचं पत्र माझ्याआधीच पोस्टात येऊन पडलं होतं. त्यात एकच मजकूर होता. खोली रस्त्यावरून दिसते का? दिसत असेल तर घेऊ नकोस.

गावात गवताचा व्यापार करणाऱ्या एका शेठची वाडी होती. आंब्याची झाडं, विहीर, मोठं फाटक, आत कौलारू घर. शेठ वयस्क, मऊ बोलणारे. त्यांनी आधी फाटकाला लागून असलेली एक खोली दाखवली. गवत तोलायचा काटा पूर्वी तिथं असे. दार थेट रस्त्यावर. मी उंबऱ्यातूनच मागे फिरले. “आत नाही का एखादी?” मी विचारलं. होती. वाडीच्या अगदी मागच्या टोकाला, विहिरीजवळ. दोन्ही बाजूंना आंबे. जाड दार, आतून लोखंडी कडी, वर लाकडी अडसर. फाटकापासून इतकी आत, की रस्त्यावरची गाडी गेलेलीसुद्धा कळायची नाही. मी अडसर लावून पाहिला, काढून पाहिला, परत लावून पाहिला. आईला त्याच दिवशी लिहिलं: रस्त्यावरून अजिबात दिसत नाही.

दारावर पाटी ठोकली. फाटकातून आत यायचं, शेठच्या ओसरीपुढून जायचं, गोठा ओलांडायचा, मग पाटी दिसायची.

पहिल्या महिन्यात माझ्याकडे कोण आलं? शेठच्या घरच्या बायका. शाळामास्तरांची बायको. कचेरीतल्या एका साहेबांच्या मेहुण्या. सगळ्या नीट चपला घालून आलेल्या, सगळ्यांना बाटलीतलं टॉनिक हवं असलेलं. मास्तरीणबाई तर रोज यायच्या. त्यांना दिवस गेलेले नव्हते, पण जातील तेव्हा काय करायचं ते त्या आधीच विचारून ठेवत होत्या. पाड्यांवरची एकही बाई आली नाही. वारली बाया, ज्यांच्यासाठी ही पेटी होती, त्या बाजारच्या दिवशी रस्त्यावरून रांगेनं जायच्या, डोक्यावर टोपल्या, आणि फाटक आलं की रस्त्याच्या पलीकडच्या कडेला व्हायच्या. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, सावली तिकडे असेल.

मी वडिलांना तावातावानं लिहिलं की हे लोक अजून अंधश्रद्धेत बुडालेले आहेत, औषधाला भितात, भगताकडे जातात, यांना जागं कसं करायचं. वडिलांचं कार्ड आलं. ‘लोकांना दोष देणारं पत्रक मी आजवर जुळवलेलं नाही. तू नीट बघ.’ बाकी कार्ड कोरं.

मला राग आला. नीट बघत नव्हते तर काय करत होते मी?

बुधी मला बाजारात भेटली. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. असेल वीस-बावीस वर्षांची. सुक्या मासळीच्या पाट्यांपुढे उभी होती, सातवा महिना असावा. माझी नजर आधी पोटावर गेली आणि मग पायांवर. पाय घोट्यापर्यंत सुजले होते, चेहराही भरलेला. आमच्या धंद्यात काही गोष्टी बघितल्याबरोबर छातीत धस्स होतं, त्यातली ही एक. गरोदर बाईला सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढे आकडी येऊ शकते. आकडीत मूल जातं, कधी आईसुद्धा. ते आधी ओळखायची सोपी रीत आहे. लघवी परीक्षानळीत घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, आम्लाचे थेंब टाकायचे. स्वच्छ राहिली तर ठीक. दुधासारखी गढूळ झाली तर त्या बाईला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी बाई समोर यावी लागते.

“पाय कधीपासून सुजलेत गं?” मी विचारलं.

ती दचकली. बरोबर सासू होती, वाळकी, ताठ. तीच बोलली. “चालून सुजलंत. घरला गेली का उतरतंल.”

“डोकं दुखतं?”

बुधीनं सासूकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “दुखतं.”

“आधीचं मूल?”

“नाय जगला,” सासू म्हणाली. “पोटातच मेला.”

“हे बघ,” मी बुधीचा हात धरला. “तू माझ्याकडे यायचं. उद्याच ये. मग दर आठ दिवसांनी. शेठच्या वाडीत मागं माझी खोली आहे. कुणालाही विचार.”

वाडीचं नाव निघाल्याबरोबर बुधीनं हात सोडवून घेतला. जोरानं नाही, मासळी बघायला वळल्यासारखा.

“येल,” सासू म्हणाली. “येल ती.”

ती आली नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवा, नळी मांडून बसले. आठ दिवस गेले. मी पाड्यावर गेले. ओढा ओलांडून, दोन तास चालून. बुधी नव्हती. गवताचा हंगाम सुरू झाला होता, नवरा जिव्या आणि ती गवत कापायला गेलेली. सासूनं मला कुडाच्या घरात बसवलं, पाणी दिलं. “येल ती तुझेकडं,” पुन्हा तेच. पंधरवड्यानं परत गेले, परत ती नव्हती. सातव्याचा आठवा झाला. माझी झोप उडाली. जेवताना, केस विंचरताना, आईला पत्र लिहिताना मला ते पाय दिसायचे. रोज सकाळी मी भांड्यात कात्री उकळत ठेवायची आणि आंब्यांच्या मधून वाटेकडे बघत बसायची. वाट मोकळीच असायची. मी स्वतःला समजवायची, आज नाही तर उद्या. दार उघडंच आहे.

एका दिवशी असाच दुपारपर्यंत वाट पाहून मी पोस्टात निघाले. फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे चिंच होती. चिंचेखाली चार माणसं उकिडवी बसली होती, मधे जमिनीवर बांबूला बांधलेली झोळी. झोळीशेजारी ती वाळकी, ताठ सासू.

मी धावले. झोळीत बुधी होती. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. ओठ चावून रक्त आलेलं.

“कधी आलात?” मी ओरडले.

जिव्या उभा राहिला. “सकाळचे. दूध काढीत होते तवा.”

“सकाळपासून? इथं? आत का नाही आलात? मी आतच होते!”

“ठावं हाय,” जिव्या म्हणाला. “शेठाचे गवतवाल्या गड्याला इचारला. तो बोलला, बाय आत हाय.”

“मग?”

जिव्यानं आपल्या आईकडे पाहिलं. तेवढ्यात बुधीचं अंग ताठलं, दुसरी आकडी आली. मी तिला कुशीवर केलं, पदराचा बोळा करून दातांमधे धरला, आणि शेठच्या नावानं अशी किंकाळी फोडली की सगळी वाडी बाहेर आली. शेठ स्वतः अनवाणी धावत आले. त्यांचाच गवताचा ट्रक उभा होता. अर्ध्या गाठी उतरवल्या, उरलेल्या गाठींवर बुधीला झोपवलं, माझी पेटी वर घेतली आणि डहाणूचा दवाखाना गाठला. वाटेत मी तिची नाडी धरून होते. दुसऱ्या हातानं पोटाला नळकांडं लावून बाळाचे ठोके शोधत होते. चारोटीच्या फाट्यापर्यंत मी शोधत राहिले. मग थांबले.

बुधी वाचली. मुलगी मेलेली जन्मली.

दवाखान्याच्या पायरीवर सासू बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि विचारलं, आता रागानं नाही, “आजी, हाक का नाही मारलीत?”

“शेठाचे दारात हाक कोण मारील?” ती म्हणाली. “हाक आतून येते, बाय. आतून नाव घेतलं तं जायाचं. नाय घेतलं तं बसायाचं. माझा बास एकदा असाच आत शिरला, कोनाला बोलवाया. त्याला पाणी ओढाया लावला. चार दिसांनी घरला आला. त्या बासानं आमाला पोरांना सांगितलं, फाटकाचे आत पाय टाकायाचा नाय. तू आत हायेस ते आमाला ठावं व्हतं. आमी तुझे हाकेची वाट पाहत व्हतू.”

मी आत तिच्या पावलांची वाट पाहत होते आणि ती बाहेर माझ्या हाकेची. अर्धा दिवस.

वेठ मला माहीत नव्हती असं नाही. जमीनदाराच्या तावडीत सापडलेल्या माणसाला फुकट राबवायची ती रीत. ती बंद झाली त्याला तेव्हाच पंधरा वर्षं होत आली होती. ती बंद झाल्याचं पत्रक मी लहानपणी वाचलं होतं, कदाचित माझ्या वडिलांनीच त्याचे खिळे जुळवले असतील. कागदावर बंद झालेली गोष्ट पायांतून कधी जाते, हे मात्र मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

परत आले ती थेट शेठच्या ओसरीवर गेले. लहानपणापासून साठलेलं सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओतलं. जुलूम, पिढ्यान्‌पिढ्यांची दहशत, तुमचं हे फाटक, तुमच्या या फाटकानं मूल खाल्लं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. शेठाणीबेन दारात उभ्या होत्या, डोळे पुशीत.

मग शेठ म्हणाले, “बाई, माझ्या बापाच्या वेळचं मी नाकारीत नाही. पण तुमाला मी रस्त्यावरची खोली दाखवली होती. आतली तर तुमी मागितली.”

फाटक त्यांच्या बापानं उभं केलं होतं, पण त्याच्या मागं जाऊन लपले होते मी. ज्या अडसराचा मला एवढा आधार वाटत होता, तो बुधीच्या अंगावर पडला होता.

आता खोली बदलायची हे नक्की होतं. शेठनी आधी दाखवलेली काट्याची खोली चालली असती? दार रस्त्यावर, पण भिंत फाटकाचीच. मी पुन्हा स्वतःच ठरवायला निघाले होते. आणि माझं ठरवणं म्हणजे काय, तर पाड्यावर जाऊन राहायचं! कुडाचं घर बांधायचं, त्यांच्यातलंच व्हायचं. बुधी महिन्याभरानं हिंडू-फिरू लागली तशी मी तिच्याकडे गेले. ती अंगणात भात वाळवत होती. मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, “बुधी, मी इथंच राहायला येते. तुझ्या शेजारी.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या भातात गुरं सोडली.

“अठं?” ती म्हणाली. “अठं कशाला?”

“म्हणजे तुम्हाला जवळ पडेल.”

“अठं माझी सास हाय.” आणि प्रथमच ती हसली. “तुझेकडं आली का पाड्यातले सगळे पाहतंल. बुधीला दिस गेलं, बुधीचं पोर गेलं. मागचे दोन गेलं तवा सगळ्यांनी पाहिलं ना. आनी पल्याडचे पाड्याचे बाया आमचे पाड्यात नाय येत. आमचे-त्यांचे भांडण हाय.”

“मग मी कुठं राहू?” मी वैतागून म्हणाले. आणि त्याच क्षणी मला कळलं, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी जमिनीवर बसले आणि पुन्हा विचारला, नीट. “तूच सांग. मी कुठं राहिले तर तू येशील?”

तिनं भातात पाय फिरवला. “बाजारात चल,” म्हणाली.

बाजारच्या दिवशी ती मला मगनभाईंच्या गिरणीपाशी घेऊन गेली. एक तेलाचं इंजिन. एका पट्ट्यावर भात सडायचं यंत्र, दुसऱ्यावर पिठाचं जातं. धडधड, कोंडा, तेलाचा वास. गिरणीच्या भिंतीला लागून एक पडवीवजा खोली होती, रिकाम्या डब्यांनी भरलेली. दार रस्त्यावर, फळ्या सुटलेल्या.

“अठं,” बुधी म्हणाली.

“इथं?” मला ते इंजिन पोटात वाजत होतं. “इथं तर सगळं गाव येतं.”

“तेच तं. सगळे येतात. टोपली डोक्यावर घेतली का कोन इचारीत नाय, कठं चालली. गिरणीला चालली.”

पाच वर्षं शिकून जे मला कळलं नव्हतं, ते तिनं एका टोपलीत ठेवून माझ्यापुढं केलं होतं.

मगनभाई किरकोळ, पिठानं पांढरे झालेले गृहस्थ. “बेन, तमे अहीं रेहशो?” मी तिथं राहणार हे त्यांना खरंच वाटेना. “एन्जिन तर आखो दिवस चालेल हां. पछी मला नाय बोलायचा, मगनभाई, डोकं फुटलं.”

“नाही बोलणार.”

“बोलशोच,” ते म्हणाले आणि डबे उचलायला लागले.

बोललेच मी. रोज बोलायची. त्या खोलीत मी जितकी घाबरले तितकी कुठंच घाबरले नाही. दाराला कडी होती, पण फळीच इतकी कुजलेली की कडीला काही अर्थ नव्हता. बाजारच्या दिवशी ताडी प्यालेली माणसं दाराला टेकून गप्पा मारायची. उकळलेल्या कात्रीवर पीठ बसायचं. मग पुन्हा उकळायची. दारावरची पाटी आठ दिवसांत पांढरी झाली, नाव वाचता येईना. लोकांनी नाव आपणच ठेवलं, गिरणीवाली बाय. मास्तरीणबाई यायच्या बंद झाल्या. त्याआधी एकदा इंजिनाच्या आवाजात त्यांनी आपली तक्रार मला ओरडून सांगितली आणि भात सडायला आलेल्या सगळ्यांनी ती ऐकली. ताई तपासणीला आल्या तेव्हा नाकाला पदर लावून म्हणाल्या, “हे काय गं? ही काय दवाखान्याची जागा?” मी म्हणाले, “ताई, तासभर बसा.” त्या बसल्या. तासाभरात चार बाया आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. टोपली मगनभाईंच्या ओट्यावर ठेवायची, नंबर लावायचा, आणि सहज वळल्यासारखं माझ्या दारात. ताईंनी पदर खाली घेतला. जाताना मगनभाईंना म्हणाल्या, “त्या फळ्या तेवढ्या बदलून द्या हो.”

आईला मात्र मी दोन वर्षं खोटं लिहिलं. विहीर छान आहे, आंबे मोहरलेत. आई, हे वाचत असशील तर आता कळलं तुला.

बाया येत होत्या, पण बुधी येत नव्हती. भात घेऊन यायची, बोलायची, हसायची, दारातून आत यायची नाही. मी ओढलं नाही. पुढल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी तिला रांगेत पाहिलं. पोट दिसत होतं. तिनं नजर चुकवली, भात सडून घेतलं आणि गेली. पुढच्या बाजारी तेच. त्याच्या पुढच्या बाजारी ती आलीच नाही. माझी जुनी दुखणी परतली. जेवण जाईना, वाटेवरची प्रत्येक टोपली बुधीची वाटायची. मी तिच्या पाड्यावर जाऊ शकत होते. दोनदा निघाले आणि ओढ्यापासून परतले. सगळा पाडा पाहील, असं तिनं मला सांगितलं होतं. तिनं खोली निवडली होती, तर यायची वेळही तीच निवडणार. पण तिनं उशीर केला तर? चिंचेखालची ती दुपार मला विसरता येत नव्हती. जाणं बरोबर की थांबणं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

मग एक दिवस इंजिन बिघडलं. सकाळीच मोठा आवाज झाला आणि गिरणी बंद. मगनभाई मेस्त्रीला आणायला संजाणला गेले. तिथं राहायला आल्यापासून मी पहिल्यांदाच दिवसा गावाचा आवाज ऐकत होते. कोंबड्या, लांबची एसटी. त्या शांततेनं माझी घालमेल आणखीच वाढली. गिरणी बंद म्हणजे आज कुणी येणार नाही. टोपलीला कामच नाही.

दुपारी दारात सावली पडली. बुधी होती. डोक्यावर टोपली नव्हती. हात रिकामे.

“गिरणी बंद आहे गं,” माझ्या तोंडून आपसूक गेलं.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “लांबूनच समजला. आवाज नाय.”

आणि ती उंबरा ओलांडून आत आली. हाक न मारता, हाकेची वाट न बघता आली, आणि माझ्या खाटेवर बसली. “डोकं दुखतं, बाय. कालपासून.”

मी दिवा लावला. आम्लाचे थेंब बाहेर सांडले. नळी तापली. वरून गढूळ होत आली, मग सगळीच दुधासारखी पांढरी. पण या वेळी आकडी अजून आली नव्हती. या वेळी आमच्या हातात वेळ होता. दुपारच्या एसटीत मी तिला बसवलं आणि शेजारी मी बसले. दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं, मीठ बंद केलं, औषधं दिली, आणि अकराव्या दिवशी सकाळी मुलगा झाला. लहानसा, अशक्त, तांबडा. तो रडला तेव्हा सासू पायरीवरून उठली. दवाखान्याच्या दारात तिचं पाऊल थबकलं. मग आतून बुधीनंच हाक मारली, “ये ना गं आये!” आणि ती आत आली.

त्या मुलाला आता सहावं वर्ष लागलं आहे. टोपली डोक्यावर घेऊन आईच्या मागे गिरणीत येतो आणि पिठात हात घालतो म्हणून मगनभाई त्याला रोज ओरडतात.

मी हे लिहिलं ते माझी चूक मिरवायला नाही. आमच्या भागात अजून कितीतरी उपकेंद्रांना इमारत नाही, आणि तुमच्याकडेही नसेल. दर वर्षी कुणीतरी घाबरलेली, नुकतं शिक्षण संपवलेली मुलगी पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरते आणि कडी बघत हिंडते. तिच्या भीतीला हसू नका, ती खरी असते. तिला चांगल्या फळ्यांचं दार द्या. पण ते दार अशा जागी द्या, जिथं यायला कुणाला फाटक लागणार नाही, कुणाची ओसरी ओलांडावी लागणार नाही, आणि आल्याचं कारण सांगावं लागणार नाही. तुमच्या गावात गिरणीजवळ, एसटीच्या थांब्याजवळ, बाजाराच्या तोंडाशी तुमची रिकामी खोली असेल, तर या दिवाळीत तिच्यातले डबे बाहेर काढा आणि ती खोली नर्सबाईला द्या. किल्ली देण्याआधी मात्र एक करा. पाड्यावरच्या एखाद्या बाईला घेऊन या, ते दार दाखवा आणि विचारा: “इथं असली, तर येशील?” आणि ती नाही म्हणाली, तर दुसरी खोली शोधा.